आबांना दुपारची गोळी लागूच पडत नाही, पाय जमिनीला चिकटतात. डोस वाढवायचा का? (पार्किन्सन)

तापीकाठचा

नमस्कार मंडळी, मेसेज मोठा झालाय, सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही आबा म्हणतो, वय 69, चोपडा तालुक्यात शेती, आयुष्यभर कपाशी आणि केळी. पाच वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला, आधी वाटलं थकवा असेल मग जळगावला न्यूरोकडे दाखवलं तर पार्किन्सन निघाला. सिंडोपा 110 सुरू केली, आधी अर्धी अर्धी तीन वेळा, आता एक एक चार वेळा. सुरुवातीची तीन वर्षं इतकी छान गेली की आम्ही विसरूनच गेलो होतो, आबा मोटरसायकलवर शेतात जायचे.

आता सहा-आठ महिन्यांपासून गाडी रुळावरून उतरलीय. सकाळची गोळी बरी लागते, तीन तास माणूस चांगला. दुपारी बाराची गोळी घेतली काय आणि नाही काय, सारखंच. दोन-तीन वाजता खाटेवरून उठवायला दोन माणसं लागतात. पहाटे डाव्या पायाची बोटं आत वळतात, पोटरीत गोळा येतो, ओरडतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दाराच्या उंबऱ्यापाशी आले की थांबतात. म्हणजे थांबतात नाही, चिकटतात. "मना पाय जमिनले चिकटी गयात" असं स्वतःच म्हणतात. मी हात धरून ओढलं की पुढे तोंडावर पडायला होतं, मागच्या महिन्यात एकदा पडले पण, कपाळाला तीन टाके.

आता गंमत (गंमत कसली) अशी की हाच माणूस संध्याकाळी विठ्ठल मंदिरात भजन सुरू झालं की टाळाच्या आवाजावर पंगतीपर्यंत सरळ चालत जातो. आबा पूर्वी भजनी मंडळात होते, वारीला पण पायी जायचे. हे बघून आमचे काकाच म्हणाले, "नाटकं करतो तो, घरी काम नको म्हणून." आई दोन दिवस जेवली नाही त्या बोलण्यावर.

प्रश्न असे:
गोळी चारच्या जागी सहा केली तर चालेल का? पुढची अपॉइंटमेंट दीड महिन्यानंतर आहे.
एक नातेवाईक म्हणतो ही गोळी पाच वर्षच काम करते, लवकर सुरू करून चूक केली. खरं आहे का?
आणि कोणी म्हणतं केळी बंद करा, त्यातल्या कशाने तरी गोळी मारली जाते. आमच्या घरात केळी बंद म्हणजे कठीणच आहे भो.

धुळेकर_सून

दादा, पहिलं म्हणजे काकांना सांगा नाटक नाहीये. माझ्या सासूबाईंचं सेम होतं, अकरा वाजता स्वतः भाकरी थापायच्या आणि एक वाजता ग्लास उचलता येत नव्हता. आमच्याकडेपण जाऊबाई बोलल्याच होत्या, "मन असलं की होतं सगळं." गोळीचा असर रक्तात असतो तेव्हा ऑन, उतरला की ऑफ. लाईट गेल्यावर पंखा थांबतो तेव्हा पंखा नाटक करतो असं म्हणतो का आपण.

आता मला एक सांगा, गोळी कशासोबत देता? दुपारची जेवणाआधी की नंतर? जेवणात काय असतं? हे विचारते कारण आमचा सगळा घोळ तिथंच निघाला होता.

स्वतःच्या मनाने सहा करू नका. आम्ही केलं होतं, सासूबाईंचं डोकं आणि खांदे सारखे डुलायला लागले, लोकांना वाटलं आजार वाढला, डॉक्टर म्हणाले ही गोळी जास्त झाल्याची हालचाल आहे.

तापीकाठचा

ताई, आई सकाळची गोळी चहा-बिस्किटासोबत देते. दुपारची जेवण झाल्यावर लगेच, एक ग्लास दुधाबरोबर. ती म्हणते गोळी गरम पडते, उपाशीपोटी दिली तर आबांना मळमळतं. जेवण म्हणजे आपलं नेहमीचंच, कळण्याची भाकरी, तुरीची नाहीतर उडदाची डाळ, ठेचा, कधी शेवभाजी, रविवारी वरण-बट्टी. संध्याकाळी चारची गोळी पुन्हा दुधासोबत. रात्री खिचडी.

धुळेकर_सून

सापडलं!! 🙏 काकांना (औषधवाला_काका) टॅग करते, ते नीट सांगतील, मी सांगितलं तर उलटंसुलटं होईल.

औषधवाला_काका

आलो. 34 वर्षं मेडिकल चालवलं, आता मुलगा बघतो. मी डॉक्टर नाही, डोस ठरवणार नाही, पण गोळी पोटात गेल्यावर तिचं काय होतं ते सांगतो.

सिंडोपामध्ये दोन औषधं असतात. लेवोडोपा आणि कार्बिडोपा. मेंदूत डोपामाइन कमी पडलेलं असतं, पण डोपामाइन तसंच दिलं तर रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून त्याचा कच्चा माल म्हणजे लेवोडोपा देतात, तो आत शिरतो आणि तिथं जाऊन डोपामाइन बनतो. कार्बिडोपाचं काम राखणदाराचं, वाटेतच, म्हणजे शरीरात, लेवोडोपाचं डोपामाइन होऊ द्यायचं नाही. कारण वाटेत झालं तर मेंदूला काही पोचत नाही आणि वरून मळमळ होते ती वेगळी.

आता तुमच्या कळण्याच्या भाकरीकडे येऊ. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद. त्यावर डाळ. त्यावर ग्लासभर दूध. प्रोटीन पचून त्याचे जे अमिनो आम्ल तयार होतात ते आणि लेवोडोपा हे आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला एकच दरवाजा वापरतात. एसटीत चढायला एकच दार आणि बाजाराचा दिवस असं समजा. तुमची गोळी बिचारी खाली फलाटावर उभी राहते, उडीद आणि दूध चढून जातात. शिवाय भरल्या पोटी जठर हळू रिकामं होतं, त्यामुळे गोळी आतड्यापर्यंत पोचतच नाही वेळेत, आणि लेवोडोपाचं रक्तातलं आयुष्य फार थोडं, दीड तासात निम्मं संपतं. म्हणून बाराची गोळी वाया जाऊन राह्यली आहे. गोळी कमी पडत नाहीये, पोचत नाहीये. हा फरक डॉक्टरांना नक्की सांगा.

सर्वसाधारण नियम असा सांगतात की गोळी जेवणाआधी अर्धा ते पाऊण तास, नाहीतर जेवणानंतर दीड-दोन तासांनी, आणि साध्या पाण्याबरोबर, ग्लासभर पाणी, घोटभर नको. मळमळ होत असेल तर अर्धं केळं किंवा मूठभर मुरमुरे चालतात. हो, केळंच! केळ्यात प्रोटीन नगण्य असतं. तुमच्या नातेवाइकाने जे ऐकलंय ते व्हिटामिन बी 6 बद्दल असावं, पूर्वी नुसतं लेवोडोपा द्यायचे तेव्हा बी 6 आडवं यायचं, आता सोबत कार्बिडोपा असतं त्यामुळे जेवणातल्या बी 6 ने काही होत नाही. चोपड्याच्या माणसाने केळी बंद केली तर गावात काय तोंड दाखवायचं.

पण डाळ-दूध बंद करू नका हां! काही लोक ऐकतात आणि प्रोटीनच तोडतात, आधीच या आजारात वजन उतरतं. फक्त वेळ बदला, दिवसा हलकं आणि डाळ-दूध-कळणा रात्रीच्या जेवणात. तेही ज्यांना असा चढउतार होतो त्यांनाच लागतं, नवीन पेशंटला सरसकट नाही.

पाच वर्षांचं म्हणाल तर गोळी "संपत" नाही. आजार पुढे जातो, मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. आधी मेंदू गोळीतून मिळालेला माल साठवून दिवसभर पुरवून वापरायचा, आता साठवायला कोठारच राहिलं नाही, त्यामुळे गोळी आली की चालू, गेली की बंद. उशिरा सुरू केली असती तरी हेच झालं असतं, फक्त ती तीन चांगली वर्षं गेली असती वाया.

आणखी एक. 110 म्हणजे 100 लेवोडोपा आणि 10 कार्बिडोपा. 125 वाली येते तिच्यात लेवोडोपा तेवढंच पण कार्बिडोपा 25. दिवसाला साधारण 70 ते 100 मिलिग्रॅम कार्बिडोपा गेलं तर राखण नीट होते असं मानतात, तुमच्या चार गोळ्यांत 40 च जातं. मळमळ त्यामुळेही असेल. हे डॉक्टरांना विचारा, स्वतः बदलू नका. आणि मेडिकलवाल्याने "110 नाही, ही घ्या, सारखीच आहे" म्हटलं तर आकडा वाचा. 275 पण येते, तिच्यात लेवोडोपा अडीचपट. माझ्या डोळ्यादेखत एका आजीबाईंना दुसऱ्या दुकानातून तसं झालेलं आहे.

शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. आबांना गॅस, अ‍ॅसिडिटी, चक्कर यासाठी दुसरी काही गोळी चालू आहे का? पाकिटाचा मागचा भाग बघून नाव टाका.

नैसर्गिक_जीवन

या केमिकलच्या नादी लागू नका. कवचबीज पावडर द्या सकाळ-संध्याकाळ दुधातून. आयुर्वेदात कंपवात म्हणून हजारो वर्षांपासून आहे. साइड इफेक्ट शून्य.

औषधवाला_काका

कवचबीज म्हणजे आपली खाजकुहिली, बांधावर असते तीच. तिच्यात काही असर आहे हे शंभर टक्के खरं, कारण तिच्यात लेवोडोपाच असतं. तेच "केमिकल". पण कुठल्या पुडीत किती ते पुडीवर लिहिलेलं नसतं, आणि सिंडोपाच्या वर ती दिली म्हणजे न सांगता डोस वाढवला. घ्यायचीच तर न्यूरोच्या डॉक्टरांना सांगून. आणि दुधातून तर मुळीच नको, वर एवढं मोठं रामायण काय सांगितलं मी.

नैसर्गिक_जीवन

तुमचं दुकान चालायला पाहिजे ना.

धुळेकर_सून

दुकान मुलगा बघतो म्हणाले ना ते 😄 चला पुढे.

तापीकाठचा

काका, आईला फोन करून पाकीट वाचायला लावलं. दिवाळीपासून गावातल्या डॉक्टरांनी गॅसची कॅप्सूल दिली होती, रोज सकाळी एक. मागे लिहिलंय रॅबेप्राझोल आणि लेवोसल्पिराइड. आणि अधूनमधून चक्कर येते म्हणून सिनारिझिन, ती गरज पडली तरच. ही साधी गॅसची गोळी आहे ना?

औषधवाला_काका

साधी नाही. लेवोसल्पिराइड डोपामाइनचीच कुलपं अडवून ठेवतं. एका हाताने सिंडोपा देऊन डोपामाइन वाढवायचं आणि दुसऱ्या हाताने कुलपात काडी घालून ठेवायची. सिनारिझिन, फ्लुनारिझिन तशीच. उलटीसाठी देतात ते मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन तसंच. चांगल्या माणसाला पण ही औषधं महिनोनमहिने दिली तर पार्किन्सनसारखी लक्षणं येतात, आबांना तर आधीच आहे. दिवाळीपासून म्हणता, म्हणजे सहा-आठ महिन्यांच्या तुमच्या हिशोबात बरोबर बसतंय. उद्याच न्यूरोच्या दवाखान्यात फोन करून हे नाव सांगा आणि बदलून घ्या. मळमळीला डोमपेरिडोन त्यातल्या त्यात चालतं कारण ते मेंदूत फारसं जात नाही, पण हृदयाचा त्रास असेल तर तेही विचारूनच. आणि ती कॅप्सूल थांबली म्हणजे दुसऱ्या दिवशी आबा पळतील असं नाही, असर उतरायला आठवडे, कधी महिने लागतात.

गावातल्या डॉक्टरांवर चिडू नका. त्यांना पार्किन्सनची चिठ्ठी दाखवली होती का?

तापीकाठचा

नव्हती. आम्ही सांगितलंच नाही. गॅसचं काय सांगायचं त्याला, असं वाटलं. 😔

पाऊल_फिजिओ

नंदुरबारहून. मी फिजिओथेरपिस्ट आहे, गोळीचं औषधवाला काकांनी सांगितलं, मी उंबऱ्याचं सांगते.

हे जे चिकटणं आहे त्याला फ्रीझिंग म्हणतात. चालणं ही आपली आपोआप होणारी गोष्ट असते, आपण विचार करत नाही की आता डावा आता उजवा, मेंदूच्या आतल्या भागात ते बसलेलं असतं आणि पार्किन्सनमध्ये नेमका तोच भाग मार खातो. अरुंद जागा, दार, वळणं, गर्दी, कोणी घाई केली, फोन वाजला, चालता चालता कोणी प्रश्न विचारला की अडकतं. पण बाहेरून ताल मिळाला किंवा डोळ्यासमोर ओलांडायला काहीतरी दिसलं तर मेंदू दुसऱ्या रस्त्याने पाय हलवतो. म्हणून आबा टाळावर चालतात. तुमच्या घरच्या काकांना म्हणावं नाटक नाही, मेंदूचा आडरस्ता आहे. काही पेशंट दहा पावलं चालू शकत नाहीत पण सायकल चालवतात, जिने चढतात आणि सपाट फरशीवर अडकतात. (सायकल घरी करून बघू नका!)

आता तो टाळ वापरा ना मग. आबा वारकरी आहेत, पावली खेळलेले असतील. पावलीत वजन आधी एका पायावर जातं, मग दुसरा पाय उचलतो. अगदी तेच आम्ही शिकवतो आणि लोकांना कंटाळवाणं वाटतं. उंबऱ्यापाशी अडकले की पहिलं काम थांबायचं, ढकलायचं नाही. एक श्वास. मग जागच्या जागी डावीकडे उजवीकडे झुलायचं, "ज्ञानोबा तुकाराम" म्हणत, आणि तुकारामवर मोठं पाऊल टाकायचं. टाच आधी टेकवा म्हणून सांगा. मोबाइलवर टाळाचा आवाज किंवा मेट्रोनोम (ठरावीक तालात टिकटिक करणारं अ‍ॅप) लावून ठेवला तरी चालतो.

जमिनीवर पट्ट्या. उंबऱ्याच्या अलीकडे पलीकडे आणि संडासच्या वाटेवर, चालण्याच्या दिशेला आडव्या, साधारण एक ते दीड फुटावर एक, फरशीपेक्षा वेगळ्या रंगाच्या. त्यांनी पट्टीवर पाय द्यायचा नाही, ओलांडायची. पट्ट्या नसतील तेव्हा तुमचा पाय त्यांच्या पायासमोर आडवा ठेवा आणि "हा ओलांडा आबा" म्हणा, बघा काय होतं.

हात धरून ओढायचं पूर्ण बंद. तुम्ही ओढता तेव्हा अंग पुढे येतं आणि पाय मागेच राहतात, कपाळाचे टाके त्याचेच. बाजूला उभे राहा, कोपराला आधार द्या. वळताना जागेवर गिरकी नको, बैलगाडी वळते तसं मोठा वळसा घेऊन. चालताना हातात काही देऊ नका आणि बोलायला लावू नका.

आणि व्यायाम गोळी लागलेली असताना. ऑफमध्ये व्यायाम म्हणजे छळ.

डबलबेल

राम राम. मी स्वतः पेशंट आहे, 62, एसटीत कंडक्टर होतो, नऊ वर्षं झाली आजाराला. बोलून टाइप करतो, बोट चालत नाही नीट, आणि आवाज पण बारीक झालाय त्यामुळे मोबाइल काहीतरी भलतंच लिहितो, समजून घ्या.

सगळे घरचे लोक बोलतायत म्हणून आतून काय होतं ते सांगतो. गोळी उतरायला लागली की आधी मला कळतं, बाकीच्यांना अर्ध्या तासानी. आतून एक घाबरल्यासारखं होतं, घाम येतो, काही कारण नसताना रडू येतं. मग पाय जड. त्यावेळी कोणी म्हणालं "उठा ना पटकन" तर अजून जाम होतो. चेहऱ्यावर काही दिसत नाही, लोकांना वाटतं रागावलोय, मी रागावलेलो नसतो, चेहरा हलत नाही एवढंच. आबांना सारखं "हसा ना" म्हणू नका.

डॉक्टरकडे जायच्या दिवशी माणूस नेमका चांगला चालतो. मी चार वेळा गेलो, चारही वेळा डॉक्टर म्हणाले छान आहे. पाचव्या वेळी पोराने ऑफचा व्हिडिओ नेला तेव्हा डॉक्टर खुर्चीतून पुढे सरकले. व्हिडिओ न्या, एक ऑनचा, एक ऑफचा, एक पहाटेच्या पायाचा. आणि एक वही करा, गोळी किती वाजता, जेवण किती वाजता काय खाल्लं, चालू किती ते किती, बंद किती ते किती, डुलणं कधी. तीन-चार दिवसांची वही पुरते. मी ट्रिप शीट भरायचो तशी भरतो.

माझं सध्या असं आहे की गोळी दिवसात सहा वेळा, छोटा डोस, सोबत एंटाकॅपोन, म्हणजे लेवोडोपाचा असर लांबवणारी गोळी. ते सुरू झालं तेव्हा लघवी नारिंगी झाली, मी घाबरून थेट दवाखान्यात, त्याने तसं होतंच म्हणाले. कोणी आधी सांगितलंच नाही. मध्ये प्रमिपेक्सॉल (डोपामाइनसारखं काम करणारं औषध) होतं, त्याच्यावर मी मोबाइलवर रमी खेळायला लागलो. आयुष्यात कधी पत्त्याला हात लावला नाही, 41 हजार घालवले. बायकोला वाटलं म्हातारपणी बिघडला. ते औषध हळूहळू कमी केल्यावर दोन महिन्यात इच्छाच गेली. ज्याला ते चालू आहे त्याच्या घरच्यांनी बँक पासबुकावर लक्ष ठेवा, लाजू नका.

डुलणं मला पण होतं दुपारी. खरं सांगू, चिकटून पडण्यापेक्षा डुललेलं परवडतं मला. घरच्यांना बघवत नाही, पण विचारून घ्या आबांना काय चालतं, त्यांचं अंग आहे.

गोळी एकदम बंद मात्र कधीच करू नका, उपास असला तरी, ऑपरेशन असलं तरी. बंद केल्याने ताप चढतो, अंग लाकूड होतं, भ्रम होतो, जीवावर बेततं. आमच्या ओळखीत झालंय. दाखल करायची वेळ आली तर नर्सला सांगायचं की यांच्या गोळीची वेळ म्हणजे वेळ, वॉर्डाची नाही, यांची. एसटी अर्धा तास लेट चालते, ही गोळी चालत नाही.

तापीकाठचा

डबलबेल काका, तुमचा मेसेज आईला वाचून दाखवला. "अजून जाम होतो" वर ती म्हणाली, आणि मी इतके दिवस त्यांना लवकर उठा म्हणत होते.

एक विचारू का, कपाशीवर जन्मभर फवारणी केली आबांनी, तोंडाला नुसता रुमाल. त्याने झालं असेल का?

औषधवाला_काका

पॅराक्वाट नावाचं तणनाशक आणि काही कीटकनाशकं यांचा पार्किन्सनशी संबंध अनेक अभ्यासात दिसलेला आहे. पण एकट्या आबांना त्यानेच झालं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, ज्यांनी आयुष्यात पंप उचलला नाही त्यांनाही होतो. आता जो फवारतो घरात त्याला हातमोजे आणि मास्क आणा, एवढं आपल्या हातात आहे.

तापीकाठचा (साडेतीन आठवड्यांनी)

अपडेट द्यायला उशीर झाला, केळीची कापणी सुरू होती.

त्याच दिवशी दवाखान्यात फोन केला, डॉक्टर बोलले नाहीत पण असिस्टंटने विचारून सांगितलं, लेवोसल्पिराइडवाली कॅप्सूल आणि चक्करची गोळी दोन्ही बंद, गॅसला साधी पॅन्टोप्राझोल. वही केली, व्हिडिओ काढले, आणि रडून भेकून अपॉइंटमेंट अलीकडे घेतली. डॉक्टरांनी वही बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "दुधासोबत कोण देतं?" आई पदर तोंडाला लावून बसली.

डोस वाढवला नाही. 110 ऐवजी 125 केली, मळमळ पुष्कळ कमी आहे. वेळा सात, अकरा, तीन, सात, चार अलार्म, अलार्मची टोन टाळाची. पाण्यासोबत, जेवण पाऊण तासाने. झोपताना एक सीआर वाली (हळूहळू विरघळणारी) दिली पहाटेच्या पायासाठी, ती फोडायची चावायची नाही असं बजावलं (आई कुटून गुळातून द्यायची, सगळ्याच गोळ्या). कळणा आणि डाळ आता रात्री, दूध झोपायच्या बरंच आधी. दुपारी ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत, आबा कुरकुरतात की म्हातारपणी डाळीला तरसवता.

दुपार सुधारली. पूर्ण नाही, पण दोन माणसं लागत होती तिथं आता एक हात पुरतो. बोटं वळणं आठवड्यातून एखाद दिवशी. उंबरा अजून आहेच. आईने पट्ट्यांना टेप नाही लावली, "टेप निघते" म्हणाली, पांढऱ्या ऑइलपेंटने ओसरीवर सात रेघा ओढल्या. आबा तिथं थांबतात, झुलतात, तोंडाने पुटपुटतात आणि निघतात. परवा आमचे ते नाटक म्हणणारे काका बसले होते समोर. काही बोलले नाहीत, उठून आबांच्या पुढे स्वतःचा पाय आडवा ठेवला.

आता दोन प्रश्न. उन्हात, दुपारी 44-45 असतं आपल्याकडे, खाटेवरून उठले की डोळ्यासमोर अंधारी येते. आणि 20 तारखेला शिरपूरला भाच्याचं लग्न आहे, पंगत दोनची सांगितलीय, तीनच्या गोळीचं कसं करू?

औषधवाला_काका

अंधारीचं डॉक्टरांना कळवा. हा आजार आणि ही गोळी दोन्ही उठताना बीपी पाडतात, त्यात आपला उन्हाळा. बीपी बसून एकदा आणि उभं राहून तीन मिनिटांनी एकदा मोजा, दोन्ही आकडे वहीत. बीपीची जुनी गोळी चालू असेल तर तिचंही नाव सांगा, कमी करावी लागते कधी कधी. पाणी भरपूर, उठताना आधी खाटेच्या काठावर दोन मिनिटं पाय हलवत बसायचं.

धुळेकर_सून

लग्नातली दोनची पंगत म्हणजे साडेतीनच्या आधी ताट येणार नाही हे लिहून घ्या 😄 अकराची गोळी निघायच्या आधी घरीच. तीनची तीनलाच, पाण्याची बाटली आणि दोन केळी पिशवीत ठेवा. वरण-बट्टीच असणार, आबांना थोडं खाऊ द्या त्या दिवशी, मन मारू नका, फक्त संध्याकाळी थोडे जड राहतील हे धरून चाला. आणि मंडपात बॅंडच्या जवळची खुर्ची पकडा, निघताना उपयोगी पडेल.